परतीच्या वाटेचा हक्क

भोपाळच्या शिवाजी नगराने आपल्या दारी आलेली मोठी सुधारणा दोन वेळा परत पाठवली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य स्थापन झाले, राजधानीचा मान भोपाळला मिळाला आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा इथल्या कचेऱ्यांतली माणसे बदली होऊन इकडे आली. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. अशा सरकारी नोकरांसाठी नव्या भोपाळात ज्या वसाहती वसवल्या गेल्या त्यांपैकी शिवाजी नगर ही एक: बुटकी क्वार्टर्स, मोकळी आवारे आणि काही दशकांत दाट झालेली झाडी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत भोपाळची निवड झाली. शिवाजी नगर आणि शेजारचे तुलसी नगर हा भाग नव्याने बांधायचा, असा तो प्रस्ताव होता. झाडांची कत्तल होईल म्हणून रहिवासी आणि शहरातले इतर नागरिक उभे राहिले, आणि प्रकल्प तिथून उचलून टी. टी. नगरात नेण्यात आला. २०२४ च्या जूनमध्ये मंत्री आणि आमदारांच्या निवासस्थानांसाठी याच भागाच्या पुनर्विकासाची योजना पुढे आली. सुमारे २९,००० झाडांवर कुऱ्हाड पडेल असे सांगितले जाऊ लागले, लोकांनी झाडांना मिठ्या मारून निषेध केला आणि सरकारने तो विचार सोडून दिला. या दोन्ही माघारी शक्य झाल्या, कारण योजना अमलात येण्याआधी दिसली होती, तिच्यावर बोलायला वेळ होता आणि नकार ऐकून घेणारे कोणी तरी समोर होते.

रोजच्या जगण्यात आपल्यावर येणाऱ्या बहुतेक सुधारणांना या तीन गोष्टी लाभत नाहीत. संगणकावरचा ब्राउझर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. सरकारी अर्ज, बँक, परीक्षेचा निकाल, वर्तमानपत्र या सगळ्यांकडे जाण्याचा रस्ता आज ब्राउझरमधून जातो, आणि तो ब्राउझर रात्रीतून बदललेला असतो. बदल नको असलेली माणसे गेली पंचवीस वर्षे एकच गोष्ट करत आली आहेत: नवे व्हर्जन काढून जुने परत टाकणे. या रीतीकडे हट्टीपणा म्हणून पाहिले जाते. तिचा इतिहास नीट पाहिला तर वेगळेच दिसते. माणसे मागे गेली ती बहुधा तेव्हाच, जेव्हा नव्या आवृत्तीने त्यांचे एखादे काम बंद पाडले आणि ते सांगायला दुसरी जागा ठेवली नाही. जी सुधारणा माघारीला वाव ठेवते तीच लोक विश्वासाने स्वीकारतात, आणि सरकारी कामकाज ज्या साधनावर चालते त्या साधनात अशी वाट ठेवणे हे कर्तव्य मानले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. पुढची काही वर्षे टेलिफोनच्या तारेवरून काही मेगाबाइट उतरवून घेणे हे तासांचे काम होते, म्हणून ब्राउझर बहुतेकांच्या घरी आला तो पीसी क्वेस्ट किंवा चिप यांसारख्या संगणक मासिकांसोबतच्या सीडीवरून. त्या व्यवस्थेत माघार आपोआपच शाबूत होती. नवी आवृत्ती पसंत पडली नाही तर जुनी सीडी कपाटात असे. ती बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नसे. नेटस्केप या ब्राउझरची कहाणी याच काळातली. १९९७ मध्ये आलेला नेटस्केप कम्युनिकेटर ४ लोकांच्या हाताखाली रुळला होता. पाचवी आवृत्ती आलीच नाही, आणि १४ नोव्हेंबर २००० रोजी थेट सहावी आली, तीही ज्या मोझिला प्रकल्पावर ती उभी होती तो पुरा होण्याच्या आत. मोझिला १.० बाहेर पडायला जून २००२ उजाडला. सहावी आवृत्ती जड होती, रखडत चाले, अधूनमधून कोसळे. वापरणारे ४.७ च्या घराण्याकडे परतले किंवा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररकडे गेले. कंपनीला ते मान्य करावे लागले. सहावी बाजारात येऊन पावणेदोन वर्षे झाल्यावर, ऑगस्ट २००२ मध्ये, तिने जुन्याच घराण्याची ४.८ ही आवृत्ती काढली. मागे गेलेल्या लोकांची दखल घेऊन जुन्याची देखभाल चालू ठेवण्याचे हे पहिले मोठे उदाहरण म्हणता येईल.

मराठी वाचकाला याच वर्षांत जी अडचण आली ती इंग्रजी वाचकाला कळणे कठीण होते. संगणकावर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या युनिकोड या प्रमाण पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण घरोघरच्या विंडोज ९५ आणि ९८ वर तिचा उपयोग नव्हता. ती सोय विंडोज २००० पासून मिळाली. तोवर मराठी मजकूर खासगी फाँटमध्ये लिहिला जाई. पुण्याच्या सी-डॅकचे फाँट, मॉड्युलरची श्रीलिपी, मध्य प्रदेशातल्या हिंदी कचेऱ्यांत कृतिदेव, असे अनेक. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीची वळणे बसवलेली असत. फाँट हाताशी असेल तर मराठी दिसे. नसेल तर तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता होई. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांनी त्यावर उपाय काढला. पानाबरोबरच फाँटही ब्राउझरकडे पाठवायचा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची एक पद्धत होती, जी इंटरनेट एक्स्प्लोरर ४ पासून चाले, आणि बिटस्ट्रीमची ट्रूडॉक ही दुसरी, जी नेटस्केप ४ मध्ये चाले. नेटस्केप ६ मध्ये ट्रूडॉक उरले नाही. पुढे मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरनेही मायक्रोसॉफ्टची पद्धत कधी स्वीकारली नाही. म्हणजे ब्राउझर नवा केला की बातम्या वाचता येईनाशा होत. अशा वाचकाने जुना नेटस्केप परत टाकला किंवा इंटरनेट एक्स्प्लोररला घट्ट धरून ठेवले, तर त्याला बदलाची भीती वाटत होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला आपल्या भाषेतला मजकूर वाचायचा होता, आणि तो जुन्या आवृत्तीतच दिसत होता.

इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि पाच वर्षे जवळपास जसाच्या तसा राहिला. या पाच वर्षांत भारतातली सरकारी संकेतस्थळे, बँका आणि कचेऱ्यांतली अंतर्गत प्रणाली त्याच्या मापाने शिवली गेली. मग १८ ऑक्टोबर २००६ रोजी सातवी आवृत्ती आली आणि पुढच्याच महिन्यापासून विंडोजच्या स्वयंचलित अपडेटमधून लोकांच्या यंत्रांवर उतरू लागली. मात्र तेव्हा विचारण्याची रीत पाळली गेली. आता टाकायचे, नंतर विचारायचे की टाकायचेच नाही, असे तीन पर्याय पडद्यावर येत. मोठ्या संस्थांसाठी हे अपडेट अडवून धरण्याचे वेगळे साधनही मायक्रोसॉफ्टने दिले होते. विंडोज एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमधून सातवी काढली की सहावी आपोआप परत येई. नव्या रूपात वरची फाइल, एडिट, व्ह्यू ही ओळ लपवलेली होती आणि त्याबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या. वर्षभराने, ऑक्टोबर २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ती ओळ पुन्हा आरंभापासूनच दिसेल अशी व्यवस्था केली. परतणाऱ्यांचे आणि कुरकुरणाऱ्यांचे ऐकले तर नवी वस्तू सुधारते, याचा हा पुरावा. त्याच काळात वाट बंद कशी होते हेही दिसले. सातवी आवृत्ती असलेल्या यंत्रावर नंतर एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक बसवला की सातवी काढण्याची सोय नाहीशी होई. कोणी मुद्दाम दार लावले नव्हते. एका अपडेटवर दुसरे चढले आणि खालचे काढणे अशक्य झाले.

यानंतरच्या पाच-सहा वर्षांत विचारण्याची रीतच मोडीत निघाली. सप्टेंबर २००८ मध्ये आलेला गुगलचा क्रोम पहिल्यापासून न विचारता स्वतःला बदलत असे. फायरफॉक्सने आपली चौथी आवृत्ती २२ मार्च २०११ रोजी काढली आणि मग दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती असा वेग धरला. पाचवी २१ जूनला आली आणि त्याच दिवशी चौथीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, म्हणजे चौथीचे आयुष्य तीन महिन्यांचे ठरले. ज्या कार्यालयांना एक आवृत्ती तपासून शेकडो यंत्रांवर बसवायलाच तेवढा वेळ लागतो त्यांना हे झेपणारे नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही इंटरनेट एक्स्प्लोरर न विचारता वाढवण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१२ पासून ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्ये त्याला सुरुवात झाली. एप्रिल २०१२ मध्ये फायरफॉक्सच्या बाराव्या आवृत्तीने विंडोजवर अपडेटच्या वेळी येणारी परवानगीची खिडकीही टाळली. साडेपाच वर्षांत आपण ‘टाकू का?’ पासून ‘टाकले आहे’ पर्यंत आलो. या ओघात एकच गोष्ट उलट दिशेने झाली. संस्थांच्या तक्रारींमुळे मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून ईएसआर नावाची वेगळी शाखा सुरू केली. तिचे रूप आणि सोयी जवळपास वर्षभर बदलत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र मिळत राहतात.

या शाखेचे मोल भारतात पुढे चांगलेच कळले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली, २००६ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाची एमसीए-२१ प्रणाली आली आणि शासकीय निविदाही ऑनलाइन झाल्या. महाराष्ट्राचे महाटेंडर्स आणि मध्य प्रदेशाचे एमपीटेंडर्स ही दोन्ही संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, एकाच निविदा प्रणालीवर चालतात. अशा कामांत यूएसबी टोकनमधली स्वाक्षरी ब्राउझरपर्यंत पोचवायचे काम जावाचा जोडप्रोग्राम करत असे. असे जोडप्रोग्राम सुरक्षेला धोक्याचे, म्हणून क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये ते मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि सप्टेंबरच्या ४५ व्या आवृत्तीत पार काढून टाकले. फायरफॉक्सने ७ मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता बाकी सगळे थांबवले. मग ज्या पोर्टलची स्वाक्षरी अजून जावावर होती तिथे निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला आणि कंपन्यांची कागदपत्रे दाखल करणाऱ्या सनदी लेखापालाला नवा ब्राउझर कामाचा राहिला नाही. त्याच्यापुढे इंटरनेट एक्स्प्लोरर होता, नाही तर फायरफॉक्स ५२ ची ईएसआर शाखा, जिच्यात जावा आणखी दीडेक वर्ष चालले. निविदेची वेळ संपायला तास उरलेला असताना ब्राउझर नवा होणे म्हणजे कंत्राट हातचे जाणे. या अवधीत पोर्टलांनी स्वाक्षरीसाठी संगणकावर बसवायचे स्वतंत्र प्रोग्राम आणले आणि जावावरचे अवलंबन कमी केले. दीड वर्षाची ती मुदत मिळाली नसती तर हे संक्रमण बरेच क्लेशाचे झाले असते.

शिवाजी नगराच्या संदर्भात हे लांबचे प्रकरण नाही. मध्य प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची इमारत याच नगरात आहे. भोपाळकर त्या चौकाला बोर्ड ऑफिस चौक म्हणूनच ओळखतात. लगतच्या अरेरा हिल्सवर विंध्याचल भवन आहे, जिथे एनआयसीचे राज्य केंद्र चालते, आणि राज्य आयटी केंद्रही अरेरा हिल्सवरच आहे. २००६ मध्ये राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून एमपी ऑनलाइन ही कंपनी उभी केली. तिची कियॉस्क राज्यभर गावोगाव पसरली. मंडळाच्या परीक्षांचे अर्ज, महाविद्यालयीन प्रवेश, नोकरभरती यांचा बराच भार या कियॉस्कवर असतो. म्हणजे राज्यातला एक विद्यार्थी एखाद्या तालुक्याच्या गावी कियॉस्कसमोर उभा असतो, त्याचा अर्ज शिवाजी नगरातल्या मंडळाकडे यायचा असतो, आणि मधला दुवा परदेशातल्या एखाद्या कंपनीने काल रात्री बदललेला ब्राउझर असतो. पोर्टल आणि ब्राउझर यांचा मेळ बिघडला तर मंडळाच्या हाती त्या क्षणी करण्यासारखे फार थोडे असते, कियॉस्कवाल्याच्या हाती त्याहून थोडे आणि विद्यार्थ्याच्या हाती काहीच नसते. अर्जाची शेवटची तारीख मात्र तिघांसाठीही तीच राहते. सार्वजनिक सेवेत माघारीची वाट हवी असे मी म्हणतो ते या विषम वाटणीमुळे. बदलाचा निर्णय एका जागी होतो, आणि त्याचे नुकसान ज्याला सोसावे लागते त्याचा त्या निर्णयाशी संबंधच नसतो.

सामान्य वापरणाऱ्यासाठी ती वाट गेल्या काही वर्षांत अधिकच अरुंद झाली आहे, आणि त्याची कारणे तांत्रिक आहेत. ब्राउझर आता नुसता पाने दाखवत नाही. तो आपल्या खुणा, संकेतशब्द, इतिहास जपून ठेवतो. नवी आवृत्ती हा साठा आपल्या पद्धतीने नव्याने रचते आणि जुन्या आवृत्तीला ती रचना वाचता येत नाही. मे २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स असा नवा साठा जुन्या आवृत्तीला उघडूच देत नाही. नव्याने कोरा साठा सुरू करा असे सांगतो. माहितीची नासाडी टळावी म्हणून हे केले गेले आणि ते योग्यही आहे, पण परतणाऱ्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. फोनवर तर जुने व्हर्जन नव्यावर बसतच नाही. आधी ॲप काढावे लागते आणि त्याबरोबर त्यातली माहितीही जाते. ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स आतून पूर्ण बदलला आणि आधी चालणारी बहुतेक ॲड-ऑन चालेनाशी झाली, तेव्हा परतू पाहणाऱ्यांना हीच किंमत द्यावी लागली. दुसऱ्या बाजूला, क्रोममध्ये संस्थेच्या प्रशासकाला आपल्या ताब्यातली यंत्रे जुन्या आवृत्तीवर नेण्याची अधिकृत सोय आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रोमने चार आठवड्यांचा वेग धरला तेव्हा संस्थांसाठी आठ आठवड्यांची सावकाश शाखाही ठेवली. म्हणजे माघार तंत्राने अशक्य झालेली नाही. ती कोणाला द्यायची याची निवड झाली आहे, आणि त्या निवडीत एकटा वापरणारा बाहेर राहिला आहे.

या सगळ्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. जुना ब्राउझर म्हणजे उघडी खिडकी, असे जाणकार सांगतात आणि ते खरे आहे. जानेवारी २०१० मध्ये उघड झालेला, गुगलसह अनेक कंपन्यांवरचा हल्ला इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका त्रुटीतून झाला होता आणि त्याचे मुख्य लक्ष्य सहावी आवृत्ती होती. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी तेव्हा तो ब्राउझर तात्पुरता वापरू नका असा सल्ला दिला. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने दुरुस्ती थांबलेल्या आवृत्तीवर राहू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हा आक्षेप एका गृहीतावर उभा आहे: सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल एकाच गाठोड्यात यायला हवा. ईएसआर शाखेने २०१२ पासून हे गृहीत खोटे ठरवले आहे. ऑपेरा या ब्राउझरचेही तसेच. त्याच्या कंपनीने जुलै २०१३ मध्ये आपले स्वतःचे इंजिन सोडून क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर आधारलेली पंधरावी आवृत्ती काढली आणि लोक बाराव्यावरच थांबले. तरी बाराव्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१६ पर्यंत येत होत्या. दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, फक्त त्याला माणसे आणि पैसा लागतो. उलट, त्या एकत्र बांधल्याने सुरक्षेचेच नुकसान होते. सुरक्षेच्या नावाखाली आपले काम मोडले हा अनुभव एकदा आला की माणूस अपडेटच बंद करून ठेवतो, आणि मग खरी गरजेची दुरुस्तीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा आक्षेप असा की ही निव्वळ सवयीची कुरकुर आहे. चार दिवसांनी सगळे रुळतात. यातही तथ्य आहे. एकाच खिडकीत अनेक टॅब उघडायची रीत इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सातव्या आवृत्तीने आणली, आणि आज टॅबशिवायचा ब्राउझर कोणालाच नको असेल. फायरफॉक्सने २९ एप्रिल २०१४ रोजी २९ व्या आवृत्तीत वळणदार टॅब आणले तेव्हाही गदारोळ झाला आणि बहुतेक लोक रुळले. म्हणून दोन प्रकारच्या नाराजीत फरक केला पाहिजे. बटणाची जागा बदलली तर माणूस ती शोधून काढतो. एखादी सोयच गेली तर शोधून सापडत नाही. ऑपेराच्या पंधराव्या आवृत्तीत वाचनखुणांची व्यवस्थाच नव्हती. ती ऑक्टोबर २०१४ च्या पंचविसाव्या आवृत्तीत परत आली. तिथे तक्रार करणारे बरोबर होते, हे कंपनीच्या कृतीनेच सिद्ध केले. १४ नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने वेग वाढवला, पण जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका दिवसात थांबली. अशा वेळी कोणी पेल मूनसारख्या जुन्या बांधणीच्या ब्राउझरकडे गेले. ऑपेराच्या एका मूळ संस्थापकाने २०१६ मध्ये काढलेल्या व्हिवाल्डीलाही पहिले चाहते मिळाले ते बाराव्या ऑपेराच्या नाराज वापरकर्त्यांतून. शिवाय सवय ही काही तुच्छ गोष्ट नाही. दिवसाला शंभर अर्ज भरणाऱ्या कियॉस्कचालकाच्या बोटांत जी जागा बसलेली असते ती त्याने कष्टाने कमावलेली असते आणि तिच्यावर त्याची रोजी अवलंबून असते. ती मोडायची तर आधी सांगणे आणि शिकायला वेळ देणे एवढे त्याला मिळालेच पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मागे राहणारा स्वतःबरोबर इतरांनाही मागे ठेवतो. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ वर अडून बसलेल्या कचेऱ्यांमुळे संकेतस्थळे बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षे दुहेरी काम करावे लागले. दक्षिण कोरियाने १९९९ च्या सुमारास ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षा मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स तंत्राला बांधली आणि त्यातून सुटायला त्या देशाला दोन दशके लागली. त्या तंत्राशी जोडलेली सरकारमान्य प्रमाणपत्रांची व्यवस्था डिसेंबर २०२० मध्ये संपली. मराठीचा विचार केला तर नव्या आवृत्त्यांचे ऋण फार मोठे आहे. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत दोन्ही समास जुळवलेला देवनागरी मजकूर विस्कटून दिसे; जून २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो सरळ झाला. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण त्याच वर्षी युनिकोड ५.१ मध्ये आला आणि जुन्या यंत्रांवर त्याच्या जागी बराच काळ रिकामी चौकट दिसे. खासगी फाँटच्या गुंत्यातून मराठी वाचक सुटला तो पुढे गेल्यामुळेच. जुन्या नेटस्केपला कायमचे धरून ठेवणाऱ्याला आज मराठीतले काहीच वाचता आले नसते. माघारीची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागू शकते, हे भोपाळनेही पाहिले आहे: शिवाजी नगरातून हललेला प्रकल्प टी. टी. नगरात गेला आणि झाडे तिथली पडली. म्हणून माघारीचा हक्क अमर्याद असू शकत नाही. तो मुदतीचा असावा, आणि त्या मुदतीत नव्याची खोट दुरुस्त व्हावी. फायरफॉक्स ५२ च्या ईएसआरने दिलेले दीड वर्ष आदर्श वाटते ते याच कारणाने: कोणी जुन्यात राहून गेले नाही, आणि कोणाचे काम मध्येच तुटलेही नाही.

हा हक्क व्यवहारात आणायला नवा शोध लावायची गरज नाही; त्याचे सगळे भाग इतिहासात कुठे ना कुठे एकदा वापरून झाले आहेत. २००६ मध्ये पडद्यावर तीन पर्याय विचारले जात होते, ते परत यावेत. सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल वेगळे ठेवता येतात हे ईएसआरने दाखवले आहे, तशी शाखा प्रत्येक मोठ्या ब्राउझरने घरगुती वापरणाऱ्यालाही सहज सापडेल अशी ठेवावी. माहितीचा साठा नव्या रचनेत नेण्याआधी त्याची जुनी प्रत काही दिवस जपून ठेवावी, म्हणजे परतणारा कोऱ्या पाटीने परतणार नाही. आणि आपल्या शासनांनी पोर्टलचे कंत्राट देताना लिहून घ्यावे की ते एकाच ब्राउझरच्या एकाच आवृत्तीवर अवलंबून राहणार नाही, आणि ब्राउझरच्या बदलामुळे सेवा अडली तर अर्जाची मुदत त्या प्रमाणात वाढेल. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला तरी त्याच्यासाठी बांधलेली पाने उघडण्याची सोय एज ब्राउझरमध्ये किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. कारण मोठे ग्राहक अडून बसले आणि त्यांचे ऐकावे लागले. परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी असा मोठा ग्राहक कधीच होणार नाही. त्याच्या वतीने अडून बसण्याची ताकद फक्त शासनाकडे आहे, आणि ज्या शासनाने आपले सगळे दरवाजे ब्राउझरमध्ये नेऊन बसवले त्याने ती वापरलीच पाहिजे.